कलम उचलण्यापूर्वी : इमाम गझाली (रह.) यांच्या जीवनाकडे एका वेगळ्या बाजूने



इमाम अबू हामिद मुहम्मद अल-गझाली (रह.) यांचे नाव आपल्या घरांत अपरिचित नाही. त्यांच्या वैराग्याच्या, ज्ञानाच्या आणि उपासनेच्या कथा आपण व्याख्यानांतून ऐकल्या असतील. आज त्या सर्व कथा पुन्हा सांगण्याचा माझा हेतू नाही. या महान विद्वानाने ग्रंथ लिहिले कसे, लिहिण्यापूर्वी ते काय ठरवीत असत, विचारांची मांडामांड कशी करीत असत, आणि एके दिवशी ती मांडामांड करणाऱ्या माणसाची वाचाच का बंद पडली, एवढ्याच बाजूने त्यांचे जीवन आपणापुढे ठेवावयाचे आहे.

हा विषय मला का सुचला, तेही सांगून टाकतो. इमामत स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी एका जुम्याला सब्र या विषयावर बयान केले. गुरुवारच्या रात्री दोन-तीन पुस्तके चाळली होती आणि जे जे आवडले ते ते टिपून घेतले होते. मिंबरवर गेल्यावर सब्रपासून आरंभ झाला, तेथून आजारपण, आजारपणातून सदका, सदक्यातून व्याज, आणि व्याजातून कोठे गेलो ते आता मलाही आठवत नाही. नमाजनंतर एका वृद्ध गृहस्थांनी मुसाफहा करता करता अगदी निर्मळपणे विचारले की इमामसाहेब, आजचा विषय कोणता होता. त्या प्रश्नाने मी त्या रात्री झोपलो नाही. मदरशात शिकत असता कोणताही ग्रंथ उघडण्यापूर्वी उस्ताद आम्हांला तीन गोष्टी पाठ करून घेत: त्या शास्त्राची व्याख्या काय, त्याचा विषय काय आणि त्याचे प्रयोजन काय. तारीफ, मौजू, गरज-ओ-गायत. आम्ही ते परीक्षेपुरते घोकले. पुढे मराठी घेऊन बी. ए. करताना मुद्द्यांवरून निबंध लिहिण्याचा सरावही केला. दोन्ही ठिकाणी एकच धडा दिला जात होता, आणि मी दोन्ही ठिकाणी तो केवळ गुणांसाठी शिकलो होतो. इमाम गझाली (रह.) यांचे ग्रंथ त्यानंतर मी पुन्हा काढून बसलो, आणि या वेळी प्रथम त्यांच्या प्रस्तावनाच वाचल्या.

आता मूळ चरित्राकडे येऊ. खुरासान प्रांतातील तूस या नगरात हिजरी सन ४५० मध्ये, म्हणजे इ. स. १०५८ मध्ये, त्यांचा जन्म झाला. वडील लोकरीचे सूत कातून आपल्या दुकानात विकीत असत. अत्यंत नेक, परंतु निरक्षर. विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसावे, त्यांची सेवा करावी, आणि आपल्याला असा पुत्र लाभावा म्हणून अल्लाहपाशी अश्रू ढाळावेत, असा त्यांचा नेम होता. अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद या आपल्या दोन लहान मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले आणि आपल्या मनातील एक सल त्याला सांगितला: आपल्याला लिहिता येत नाही याचे आपणास फार मोठे दुःख आहे, आणि जे आपल्या हातून राहून गेले ते या दोन मुलांच्या हातून भरून निघावे अशी इच्छा आहे. वाचकहो, ज्या माणसाचे ग्रंथ नऊशे वर्षे जगभर वाचले गेले, त्याच्या पित्याची शेवटची खंत ही होती की त्याला अक्षर गिरवता येत नव्हते.

पित्याने मागे ठेवलेली अल्प रक्कम लवकरच संपली. तो सूफी मित्रही गरीबच होता. त्याने मुलांना प्रांजळपणे सांगितले की आता मदरशात नाव घाला, तेथे निदान दोन वेळचे अन्न मिळेल. पुढे इमामसाहेब हा प्रसंग आठवून कबूल करीत असत की आपण विद्या अल्लाहसाठी मागितली नव्हती, परंतु विद्येनेच अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणासाठी असणे नाकारले. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

तूस येथील प्राथमिक शिक्षणानंतर ते जुर्जान येथे गेले आणि उस्तादांच्या व्याख्यानांची टिपणे काढून परत निघाले. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. तरुण गझाली (रह.) चोरांच्या मागे धावू लागले. सरदाराने दरडावले, तरी ते हटेनात. त्यांना पैसा नको होता. एका पिशवीत काही कागद होते, ते चोरांच्या काही उपयोगाचे नव्हते, आणि ज्यांसाठी इतका प्रवास केला ते सारे ज्ञान त्यांतच होते, अशी त्यांनी विनवणी केली. सरदार हसला. कागद काढून घेतल्याबरोबर जो ज्ञानहीन होतो, त्याने आपल्याला ज्ञान आहे असे म्हणावे तरी कसे, असे त्याने विचारले, आणि पिशवी परत करावयास लावली. हा प्रसंग इमामसाहेब स्वतः सांगत. त्या लुटारूच्या तोंडून अल्लाहनेच आपल्याला मार्ग दाखविला असे मानून त्यांनी तूस येथे तीन वर्षे ती सर्व टिपणे कंठस्थ करण्यात घालविली.

ही गोष्ट सामान्यतः पाठांतराचे महत्त्व सांगण्यासाठी वापरली जाते. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. टिपणांचा ढीग आणि ज्ञान यांतील अंतर त्या दिवशी एका विद्यार्थ्याला कळले. व्याख्यान ऐकताना काढलेली टिपणे उस्तादांच्या क्रमाने असतात. जो ती आपल्या अंतःकरणात उतरवितो, त्याला तो क्रम मोडून आपला क्रम लावता येतो. कागद हातात धरून बसलेल्या माणसाला हे जमत नाही. गुरुवारच्या रात्रीची माझी टिपणे मला येथे आठवली, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर ते नीशापूरला इमामुल हरमैन अल-जुवैनी (रह.) यांच्याकडे गेले. फिकह, उसूल, कलाम, तर्कशास्त्र आणि वादविवादाची कला यांत ते तेथे पारंगत झाले. उस्तादांचे निधन हिजरी ४७८ मध्ये झाले. त्यानंतर गझाली (रह.) वजीर निजामुल मुल्क यांच्या छावणीत गेले, जेथे त्या काळच्या विद्वानांचा मेळा भरत असे. हिजरी ४८४ मध्ये, इ. स. १०९१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापकपद त्यांच्याकडे आले. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत.

या काळातील त्यांची लेखनशिस्त पाहण्यासारखी आहे. शाफई फिकहवर त्यांनी एकच विषय तीन आकारांत लिहिला: विस्तृत ‘अल-बसीत’, मध्यम ‘अल-वसीत’ आणि संक्षिप्त ‘अल-वजीझ’. वाचक कोण आहे, त्याच्यापाशी वेळ किती आहे आणि त्याची तयारी किती आहे, हे आधी ठरवूनच ग्रंथाचे माप घेतले गेले. ‘अल-वजीझ’मध्ये तर जागा वाचविण्यासाठी शब्दांच्या वर लाल शाईने अक्षरे घालण्याची पद्धत त्यांनी योजली, मीम दिसला की इमाम मालिक (रह.) यांचे मत वेगळे आहे असे समजावे, हा दिसला की इमाम अबू हनीफा (रह.) यांचे. ही योजना लिहिता लिहिता सुचणारी नव्हे. आपल्यापैकी जे वाचक कोकणातील शाफई घराण्यांतील आहेत, त्यांच्यासाठी येथे एक गोष्ट सांगणे अवश्य वाटते. या छोट्या ‘वजीझ’वर इमाम राफिई (रह.) यांनी विस्तृत भाष्य केले, आणि त्या भाष्याचा सारांश इमाम नववी (रह.) यांनी ‘रौजतुत्तालिबीन’ या ग्रंथात केला. नमाज-रोजाचे जे मसले आपण आजही आपल्या आलिमांना विचारता, त्यांची उत्तरे ज्या ग्रंथपरंपरेतून येतात, तिच्या एका टोकाला हे नेटके पुस्तक उभे आहे.

मग तत्त्वज्ञांचा प्रश्न आला. अल-फाराबी आणि इब्ने सीना यांच्या ग्रंथांनी त्या काळच्या शिकलेल्या तरुणांना भारून टाकले होते. दीनचे विद्वान त्यांवर टीका करीत, पण बहुधा न वाचताच. गझाली (रह.) यांनी वेगळा मार्ग धरला. अध्यापन आणि ग्रंथलेखन यांतून चोरून काढलेल्या वेळात, कोणाही उस्तादाच्या मदतीवाचून, त्यांनी दोन वर्षांहून कमी काळात ते शास्त्र वाचून काढले. आणि मग जवळजवळ एक वर्ष वाचलेल्यावर केवळ विचार करण्यात घालविले. त्या एका वर्षात ते तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून तपासत राहिले. आपण वाचन संपले की लगेच लिहावयास बसतो. दोहोंमध्ये एक वर्ष घालण्याची हिंमत आपल्यापैकी किती जण करतील?

या चिंतनानंतर त्यांनी जी योजना आखली, ती अशी. आधी ‘मकासिदुल फलासिफा’, ज्यात तत्त्वज्ञांची मते कोणतेही खंडन न करता, त्यांच्याच पद्धतीने आणि त्यांच्याच क्रमाने मांडावयाची. आणि मग ‘तहाफुतुल फलासिफा’, ज्यात त्यांची चिकित्सा करावयाची. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याला पूर्ण समजले आहे हे सिद्ध केल्याखेरीज उत्तराला हात घालावयाचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. या पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत एक विलक्षण घटना घडली. पुढे त्याचे लॅटिनमध्ये भाषांतर झाले तेव्हा बहुतेक प्रतींत प्रस्तावना राहून गेली. त्या प्रस्तावनेतच लेखकाने आपला हेतू सांगितला होता. ती गळाल्यामुळे युरोपातील विद्वान कित्येक पिढ्या गझाली (रह.) यांना त्याच तत्त्वज्ञांचा अनुयायी समजत राहिले! ग्रंथाचा आराखडा सांगणारी दोन पाने हरवली की ग्रंथाचा अर्थ किती उलटा होतो, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या वाचनात नाही.

‘तहाफुत’ हिजरी ४८८ च्या आरंभी पूर्ण झाला. त्यात प्रथम चार प्रास्ताविक प्रकरणे आहेत, नंतर वीस प्रश्नांची यादी आणि मग एकेका प्रश्नाची चर्चा. प्रास्ताविकांतच त्यांनी आपण कशाला हात लावणार नाही हे सांगून टाकले आहे. गणिताशी आपले भांडण नाही; सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण यांची जी कारणे खगोलज्ञ हिशेबाने सिद्ध करतात, त्यांना दीनच्या नावाने विरोध करणारा मनुष्य दीनचेच नुकसान करतो, असे त्यांनी बजावले. वीसपैकी सतरा बाबतींत त्यांनी तत्त्वज्ञांना बिदअती ठरविले आणि तीन बाबतींत त्यांचे म्हणणे ईमानच्या बाहेर जाते असा निर्णय दिला. हा निर्णय सर्वांनाच पटला असे नाही. पुढे स्पेनमधील इब्ने रुश्द यांनी त्यास सविस्तर उत्तर लिहिले. पण उत्तर लिहिणाऱ्यालाही त्याच वीस प्रश्नांच्या क्रमाने जावे लागले, हे आपण पाहावे.

आता त्याच वर्षीची दुसरी घटना. हिजरी ४८८ चा रजब महिना, इ. स. १०९५ चा उन्हाळा. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या या विद्वानाने आपल्या कामाची तपासणी आरंभिली. इतरांच्या ग्रंथांना लावलेली कसोटी त्यांनी स्वतःच्या जीवनाला लावली: याचे प्रयोजन काय? अध्यापन हे आपले सर्वोत्तम काम, ते तरी कोणासाठी चालले आहे? आणि त्यांना उत्तर मिळाले की ते अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी नसून नावलौकिक आणि मानमरातब यांसाठी चालले आहे. आपण कोसळणाऱ्या कड्याच्या काठावर उभे आहोत असे त्यांना वाटू लागले. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय व्हावा आणि सायंकाळी तो मोडावा, असे जवळजवळ सहा महिने चालले. अखेरीस जीभच बंद पडली. विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी एक दिवस तरी शिकवावे म्हणून ते बसत, पण शब्द उमटत नसे. अन्न गळ्याखाली उतरेना. वैद्यांनी हात टेकले आणि सांगितले की हा विकार मनातून शरीरात उतरला आहे, चिंता गेल्याखेरीज इलाज नाही.

मदरशात पोटासाठी नाव घातलेला तो मुलगा येथे स्वतःपुढे उभा राहिला होता. प्रकरणे, प्रश्न, क्रम, पुरावे, सारे काही ज्याला बांधता येत होते, त्याच्या बांधणीचा पहिलाच दगड, म्हणजे नियत, जागेवर नव्हता. मी जेव्हा जेव्हा हा भाग वाचतो, तेव्हा मला जुम्याच्या त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने ऐकू येतो. विषय कोणता होता, हे तर मला सांगता आलेच नाही. पण ते बयान कोणासाठी होते, असे त्यांनी विचारले असते तर?

इमामसाहेबांनी कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली, धाकटे बंधू अहमद यांना आपल्या जागी बसविले, आणि मक्केला जात असल्याचे सांगून ते शामकडे निघाले. दमिश्कच्या उमवी मशिदीच्या मिनाऱ्यात दार लावून दिवसभर एकांतात बसावे, बैतुल मकदिसमध्ये कुब्बतुस्सखरात जाऊन तेच करावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. हेब्रॉन येथे हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कबरीजवळ त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या: कोणत्याही सुलतानाच्या दरबारात जाणार नाही, सुलतानाचा पैसा घेणार नाही, आणि वादविवाद करणार नाही. पुढे हज आणि प्रेषित (स.) यांच्या मदीनेची जियारत झाली. याच वर्षांत त्यांच्या हातून ‘इह्या उलूमिद्दीन’ हा ग्रंथ आकारास आला, आणि हिजरी ४९० मध्ये ते काही काळ बगदादला आले तेव्हा त्याचे वाचनही सुरू झाले होते.

‘इह्या’ची रचना आपण थोडी सावकाश पाहू, कारण सर्व काही येथे एकवटले आहे. ग्रंथाचे चार भाग आहेत आणि प्रत्येक भागात दहा किताब. पहिला भाग उपासनांचा, दुसरा नित्य व्यवहारांचा, तिसरा मनुष्याला नष्ट करणाऱ्या दुर्गुणांचा आणि चौथा त्याला तारणाऱ्या सद्गुणांचा. चारच भाग का, याची दोन कारणे त्यांनी प्रस्तावनेत दिली आहेत. पहिले कारण विषयाच्या पोटातून येते. परलोकाच्या मार्गाचे जे ज्ञान आचरणात आणावयाचे, ते एकतर शरीराच्या बाह्य कर्मांविषयी असते किंवा अंतःकरणाच्या अवस्थांविषयी; बाह्य कर्मे उपासना आणि व्यवहार अशी दोन प्रकारची, अंतःकरणाच्या अवस्था निंद्य आणि स्तुत्य अशा दोन प्रकारच्या. झाले चार. दुसरे कारण वाचकाच्या बाजूने येते. त्या काळचे विद्यार्थी फिकहच्या मागे धावत होते, कारण फिकहने मान आणि पद मिळे; आणि फिकहचे ग्रंथ चार भागांत रचलेले असत. म्हणून आपणही अंतःकरणाच्या शास्त्राला तोच पेहराव चढविला, असे ते मोकळेपणाने सांगतात. एका वैद्याने राजेलोकांचे मन आरोग्याकडे वळावे म्हणून आपले वैद्यकाचे पुस्तक त्यांना आवडणाऱ्या ज्योतिषाच्या पंचांगाप्रमाणे कोष्टकांत मांडले होते, हा दाखलाही ते देतात. पाहा, शुद्ध हेतूने लिहावयास बसलेला मनुष्य वाचकाची आवड ओळखून आकृती ठरविणे कमीपणाचे मानीत नाही. मी पूर्वी समजत असे की नियत शुद्ध असली की मांडणीची चिंता करू नये. ही माझी आळशी समजूत या एका परिच्छेदाने मोडली.

या विषयांवर पूर्वी लिहिले गेले होते, हे ते मान्य करतात. मग नवे काय करणार? तर पूर्वसुरींनी जे गुंतागुंतीचे ठेवले ते उलगडावयाचे, जे विखुरलेले ठेवले ते क्रमाने लावावयाचे, जे लांबविले ते आटोपशीर करावयाचे, जे पुन्हा पुन्हा आले ते वगळावयाचे, आणि जे समजण्यास कठीण म्हणून कोणी हातच लावला नाही ते तपासून मांडावयाचे. ही पाच कामे त्यांनी आरंभीच स्वतःला नेमून दिली.

चाळीस किताबांचा क्रमही सहज लागलेला नाही. पहिला किताब ज्ञानाचा, कारण कोणते ज्ञान उपयोगी आणि कोणते अपायकारक हे कळल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही. चाळिसावा मृत्यू आणि त्यानंतरच्या अवस्थांचा. मधोमध, म्हणजे व्यवहारांच्या भागाच्या अखेरीस विसावा किताब, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणाचा. एकविसावा हृदयाच्या आश्चर्यांचा. बाह्य जीवन जेथे संपते आणि आंतरिक जीवन जेथे सुरू होते, त्या उंबरठ्यावर प्रेषितांचे (स.) चारित्र्य उभे आहे. प्रत्येक किताबाच्या आरंभी अल्लाहची स्तुती आहे, आणि ती त्या त्या विषयाला साजेल अशीच आहे. मग पुढे कोणती प्रकरणे येणार ते सांगितले आहे. आणि मग कुरआन, हदीस, पूर्वजांची वचने, त्या गुणाचे वा दोषाचे खरे स्वरूप, कारणे आणि उपचार असा सर्वसाधारण क्रम आहे. रागावरचा किताब उघडून पाहा. एखादा निष्णात हकीम नाडी पाहून बोलत असावा, तसे वाटते.

ग्रंथात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. त्यात अनेक कमजोर आणि निराधार हदीसही आल्या आहेत, आणि हाफिज जैनुद्दीन इराकी (रह.) यांना पुढे एकेक हदीसचा शोध घेऊन त्यांची पारख करून द्यावी लागली. हदीसशास्त्रात आपले भांडवल तोकडे आहे, हे इमामसाहेबांनी स्वतःच कबूल केले होते. म्हणून घरी ‘इह्या’ वाचताना इराकींच्या टिपांसह असलेली आवृत्ती वाचावी. स्पेनमध्ये तर त्यांच्या हयातीतच, इ. स. ११०९ मध्ये, कुर्तबा येथे हा ग्रंथ जाळण्यात आला. तेथील सत्ताधारी मुराबितीन आणि त्यांचे फकीह यांना दरबारी विद्वानांवरील त्याची टीका झोंबली होती.

ही टीका इतरांवर होती तशी स्वतःवरही होती. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या किताबात, जो आत्मवंचनेविषयी आहे, ग्रंथकारांचा समाचार घेतला आहे. एखादा मनुष्य रात्रंदिवस खपून पुस्तक रचतो आणि समजतो की आपण दीनची सेवा करीत आहोत. त्याची परीक्षा अशी घ्यावी: दुसऱ्या कोणी त्या पुस्तकावरील त्याचे नाव पुसून आपले नाव घातले, तर त्याला ते सहन होईल काय? वाचणाऱ्यांना होणाऱ्या लाभाचे पुण्य तर अल्लाहपाशी खऱ्या लेखकाच्याच खात्यात जमा होणार, हे त्याला ठाऊक आहे. तरी ते त्याला जड जाते. आणि जो दुसऱ्याचे लेखन उचलून शब्द थोडे बदलतो, तो चोरलेल्या सदऱ्याचा अंगरखा शिवणाऱ्यासारखा आहे, म्हणजे चोरी ओळखू येऊ नये. आज आपली मुले एका बोटाने दुसऱ्याचे लेखन उतरवून शाळेच्या वहीत चिकटवितात, आणि आम्ही इमाम मंडळीही दुसऱ्याची बयाने उचलतो. वाचकहो, नऊशे वर्षांपूर्वीचा हा आरसा अजून धुरकटलेला नाही.

अरबी न जाणणाऱ्या आपल्या खुरासानी बांधवांसाठी त्यांनी ‘कीमिया-ए-सआदत’ हा ग्रंथ फारसीत लिहिला. त्याचा आराखडा ‘इह्या’चाच आहे: चार स्तंभ, उपासना, व्यवहार, नाशक आणि तारक. पण त्यांच्या आधी चार ओळखी ठेवल्या आहेत: स्वतःची, अल्लाहची, या जगाची आणि परलोकाची. सामान्य वाचकाला आधी स्वतःपासून सुरुवात करून द्यावी लागते, म्हणून ही वाढ. केवळ भाषांतर करून ते थांबले नाहीत. वाचक बदलला तसा आरंभही बदलला. मराठीत दीनविषयक लिहिणाऱ्या आम्हा लोकांनी हा ग्रंथ या दृष्टीने अवश्य पाहिला पाहिजे.

अकरा वर्षांच्या एकांतानंतर हिजरी ४९९ मध्ये वजीर फखरुल मुल्क यांच्या आग्रहामुळे ते नीशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. पूर्वी आपण जे ज्ञान शिकवीत होतो त्याने मान मिळतो, आता जे शिकवितो त्याने मान सोडला जातो, असा भेद ते स्वतः करीत. विद्यार्थ्यांनी उसूले फिकहवर मध्यम आकाराचा ग्रंथ मागितला. त्यांचा एक जुना ग्रंथ फार लांब होता आणि दुसरा फार त्रोटक. तेव्हा ‘अल-मुस्तस्फा’ रचला गेला, जो हिजरी ५०३ मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा त्यांनी एका झाडावर बेतला. शरीअतचे हुकूम हे फळ. कुरआन, सुन्नत, इज्मा ही फळ देणारी मुळे. शब्दांतून अर्थ काढण्याच्या रीती म्हणजे फळ उतरविण्याची पद्धत. आणि मुजतहिद हा फळ उतरविणारा. चार प्रश्न, चार खंड. शास्त्राचे सारे उद्देश वाचकाला पहिल्याच दृष्टिक्षेपात दिसावेत, कारण ज्याला आरंभी संपूर्ण विषयाचा आवाका येत नाही त्याने त्याच्या रहस्यांची आशा धरू नये, असे ते प्रस्तावनेत सांगतात. आमचे उस्ताद तारीफ, मौजू आणि गरज-ओ-गायत का घोकून घेत होते, ते मला येथे उमगले. आता गुरुवारी रात्री मी पुस्तके उघडण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर झाड काढतो. मुलगी हसते, पण काढतो.

यानंतर ते तूसला परतले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह काढली, आणि दिवसाचे तास कुरआनपठण, सत्संग आणि अध्यापन यांत वाटून दिले. शेवटच्या दिवसांत त्यांनी सामान्य लोकांना कलामच्या वादांपासून दूर ठेवण्यासाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात सामान्य मनुष्याची सात कर्तव्ये क्रमाने मांडली आहेत. त्यांत आपली असमर्थता मान्य करणे आणि मौन बाळगणे ही दोन कर्तव्येही आहेत. हे पुस्तक संपले तेव्हा आयुष्याचे थोडेच दिवस उरले होते.

ज्या शास्त्रात आपण तोकडे आहोत असे ते म्हणत, त्या हदीसचा अभ्यास त्यांनी याच काळात नव्याने हाती घेतला होता. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम यांच्या वाचनात ते विद्यार्थ्याप्रमाणे बसत. हिजरी ५०५ च्या जमादिउल आखिर महिन्याच्या १४ तारखेला, सोमवारी, इ. स. ११११ च्या डिसेंबरात, त्यांनी पहाटे वुजू केली, नमाज अदा केली आणि कफन मागवून घेतले, असे बंधू अहमद यांच्याकडून सांगितले जाते. ते कफन त्यांनी चुंबून डोळ्यांना लावले, किब्ल्याकडे पाय पसरले, आणि सूर्य वर येण्यापूर्वी ते अल्लाहच्या भेटीस गेले. तूसच्या ताबरान भागात त्यांचे दफन झाले. मागे मुलीच होत्या, आणि घरच्यांना पुरेल इतकी मालमत्ता होती.